बाळ घरी आलं, आता पुढे काय? बाळंतीण आणि घरच्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईत एका प्रसूतिगृहात बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टर आहे. डिस्चार्जच्या दिवशी सगळे घाईत असतात, खाली टॅक्सीवाला हॉर्न मारतोय, सासूबाई पिशव्या मोजतायत, बाळाचे बाबा कागदांसाठी खिडकीवर, त्यामुळे आम्ही जे सांगतो त्यातलं निम्मं जिना उतरेपर्यंत विसरलेलं असतं आणि मग रात्री फोन येतात. तेच प्रश्न इथे एकत्र लिहिलेत. घरात जे कोणी बाळाला हात लावणार आहे त्या सगळ्यांनी वाचा, एकट्या आईने नाही.

जन्मल्या जन्मल्या बाळाला आईच्या उघड्या छातीवर का ठेवता? आधी स्वच्छ अंघोळ घालून द्या ना.

बाळ ओलं असतं आणि पोटातल्या उबेतून एकदम लेबर रूमच्या गारव्यात येतं, काही मिनिटांत थंड पडतं. कोरडं पुसून आईच्या अंगावर पालथं ठेवलं, वरून दुपटं आणि डोक्याला टोपडं, की आईच्या अंगाची ऊब मिळते, रक्तातली साखर उतरत नाही, आणि तासाभरात ते स्वतःच तोंड वासून दूध शोधायला लागतं. नाळही आम्ही लगेच कापत नाही, एक ते तीन मिनिटं थांबतो, तेवढ्यात वारेतलं रक्त बाळात जातं आणि पुढे अंगात लोह कमी पडत नाही. अंगावरचा पांढरा चिकट थर घाण नसते, खरवडू नका. अंघोळ किमान २४ तासांनंतर. आणि मांडीत जे इंजेक्शन देतो ते व्हिटॅमिन के असतं, आतून रक्तस्राव होऊ नये म्हणून, त्याला नाही म्हणू नका.

दोन दिवस झाले, हिला दूधच नाही. बाळ उपाशी आहे का?

नाही हो. पहिले दोन-तीन दिवस दुधाची धार नसतेच, येतो तो चीक, घट्ट, पिवळसर, चमचाभर. बाळाचं पोटही पहिल्या दिवशी तेवढ्याच मापाचं असतं. अजूनही काही घरांत तो चीक "खराब दूध" म्हणून पिळून टाकतात, फार वाईट वाटतं ते बघून, कारण बाळाला रोगांशी लढायला जे लागतं ते त्यातच सगळ्यात जास्त असतं. खरं दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी भरून येतं, सिझरवाल्या बायकांना कधी एखादा दिवस उशिरा. सिझर झालं म्हणून थांबायचं नाही, बहुतेक वेळा कंबरेखालची भूल असते, आई जागी असते, कुशीवर वळून पाजता येतं, फक्त बाळाला धरायला कोणीतरी शेजारी हवं.

दूध कमी पडतं तेव्हा बरेचदा कारण एकच निघतं, बाळ नीट लावलेलं नसतं. बोंडच तेवढं तोंडात दिलं की बाळ ते चघळत बसतं, आईला चिरा पडतात, ती कळवळते आणि पाजायचं टाळते, मग दूध खरंच कमी होतं. आम्ही असं करून घेतो: बाळाचं पोट आईच्या पोटाला टेकलेलं, डोकं आणि पाठ एका रेषेत, मान वळलेली नको. बोंड बाळाच्या वरच्या ओठाला हलकेच घासायचं आणि थांबायचं. घाई करायची नाही. ते जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडतं, त्या क्षणाला बाळाला छातीकडे आणायचं, आईने पुढे वाकून छाती बाळाकडे न्यायची नाही. बोंडाभोवतीचा काळसर भाग खालच्या बाजूने जास्तीत जास्त आत गेला पाहिजे, खालचा ओठ बाहेर दुमडलेला, हनुवटी छातीत रुतलेली. आधी भराभर चोखतं, मग खोल आणि सावकाश, आणि मध्ये मध्ये घोट गिळल्याचा बारीकसा आवाज येतो. तो आवाज ऐकायला शिका. दुखत राहिलं तर ओढून काढू नका, करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून चोखणं सोडवा आणि परत लावा. दहा वेळा लावायला लागलं तरी चालेल, शिकायला दोघांनाही वेळ लागतो.

पण पुरतंय की नाही हे कळणार कसं? मोजता तर येत नाही.

शू मोजा. पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा असं वाढत जातं आणि पाचव्या-सहाव्या दिवसानंतर २४ तासांत निदान सहा वेळा तरी फिकट शू व्हायला हवी. शी आधी काळीहिरवी डांबरासारखी, पहिल्या २४ तासांत व्हायला पाहिजे, नाही झाली तर डॉक्टरांना सांगा. मग हिरवट आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून पिवळी पातळ दाणेदार. दिवसातून आठ वेळा झाली तरी ते जुलाब नव्हेत, आणि महिन्यानंतर अंगावरच्या दुधावरचं बाळ तीन-चार दिवस शी न करता मजेत राहू शकतं.

वजन पहिल्या आठवड्यात थोडं उतरतं, घाबरू नका, जन्माच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत उतरू शकतं पण त्याच्या जवळ गेलं तरी दाखवून घ्या, आणि साधारण दोन आठवड्यांत परत मूळ वजनावर यायला हवं. पाजायचं २४ तासांत आठ ते बारा वेळा, रात्रीसुद्धा. पहिल्या आठवड्यात बाळ तीन-साडेतीन तास झोपून राहिलं तर उठवून पाजा. "शांत आहे, झोपू दे" असं नका म्हणू, कधी कधी ते शांत नसतं, अशक्त असतं.

डब्याचं दूध सुरू करू का? शेजारणीने सांगितलंय बाळ गुटगुटीत होतं.

डॉक्टरांनी कारण सांगून लिहून दिल्याशिवाय नको. एक बाटली दिली की बाळ छातीला कमी लागतं, कमी लागलं की दूध कमी बनतं, आणि आठवड्याभरात आईचा स्वतःवरचा विश्वास उडालेला असतो. भारतात १९९२ पासून कायदा आहे, बाळाच्या डब्याच्या दुधाची जाहिरात करायला, फुकट नमुने वाटायला बंदी आहे. तेव्हा कोणी असा डबा हातात ठेवला तर घेऊ नका. आईला ताप असो, सर्दी असो, पाजता येतं, बहुतेक औषधं चालतात, फक्त डॉक्टरांना सांगा की मी पाजतेय.

बाळ लहान असेल, ओढत नसेल तर दूध हाताने काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्या, बाटली नको. काढलेलं दूध मुंबईच्या उकाड्यात बाहेर चार तासांपेक्षा जास्त ठेवू नका, फ्रिजमध्ये मागच्या बाजूला २४ तास. मुंबईकरांना अभिमान वाटावी अशी एक गोष्ट, आशियातली पहिली मानवी दूध पेढी आपल्या सायन हॉस्पिटलात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. दान आलेलं दूध तपासून, पाश्चराइज करून आधी अपुऱ्या दिवसांच्या आणि आजारी बाळांना देतात. ज्या आईला जास्त दूध येतं तिने दान जरूर करावं.

घुटी, मध, ग्राइप वॉटर, चमचाभर उकळलेलं पाणी? आमच्याकडे सगळ्यांना दिलंय, काही झालं नाही.

यावरून घराघरांत सून आणि सासूबाई अबोला धरतात, मला माहितीये. आजींचा हेतू मायेचाच असतो, तरी उत्तर नाहीच. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, मे महिन्यातही नाही, दुधात ८५ टक्क्यांच्या वर पाणीच असतं. मध तर एक वर्षापर्यंत बोटालासुद्धा लावू नका, त्यात बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना काही होत नाही पण तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडतात, श्वासापर्यंत जातं. सहाणेवर जायफळ, वेखंड उगाळताना किती वेढे गेले हे कोण मोजतं, आणि जायफळ जास्त झालं की बाळ गुंगतं, घरचे म्हणतात छान झोपलं. वरून सहाण धुतली कशी, पाणी कुठलं, हात कोणाचे. आजींना दुसरं काम द्या, आणि हे मी मनापासून सांगतेय. पाजून झालं की बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढायला आजीच्या हातासारखा हात नाही.

डॉक्टर मात्र व्हिटॅमिन डीचे थेंब देतील, रोज ४०० युनिट, ते द्यायचे.

नाळेला काय लावायचं?

काहीही नाही. हळद, राख, तेल, पावडर, कुंकू, काही नाही. कोरडी आणि उघडी ठेवा, लंगोट नाळेच्या खाली दुमडून बांधा. पाच ते पंधरा दिवसांत आपोआप पडते, पडताना एखादा थेंब रक्त दिसतं. भोवतालची कातडी लाल झाली, पू आला किंवा घाण वास सुटला तर त्याच दिवशी दवाखाना.

मालीशवाली बाई लावलीय, ती म्हणते पहिल्या आठवड्यापासून जोरात चोळलं की हाडं मजबूत होतात.

हाडं चोळून मजबूत होत नाहीत. नाळ पडेपर्यंत ओल्या फडक्याने पुसणं पुरे. नंतर मालीश करा की, बाळाला आवडतं, झोप लागते, पण खोबरेल तेल आणि हलका हात, आणि शक्यतो आईने किंवा आजीनेच. पाय धरून उलटं लटकवणं, नाक दाबून सरळ करणं, डोकं दाबून गोल करणं, छातीची गाठ पिळणं, हे सगळं बंद. नाकात, कानात, डोळ्यांत तेल घालायचं नाही, नाकातलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. टाळूवर तेल जिरवायला हरकत नाही पण दाब द्यायचा नाही, तिथे हाड अजून जुळलेलं नसतं. बाईचे हात कोपरापर्यंत साबणाने धुतलेले, नखं कापलेली, बांगड्या-अंगठ्या काढलेल्या, आणि ती खोकत असेल तर त्या दिवशी सुट्टी.

शेक-धुरीबद्दल जरा थांबून वाचा. चाळीतली दहा बाय बाराची खोली, दारं-खिडक्या बंद, खाटेखाली निखाऱ्याची शेगडी, त्यावर ओवा-वेखंड. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि बाळंतीण-बाळ दोघंही गुंगीत जाऊ शकतात. शेकायचं तर गरम पाण्याची पिशवी, तीही फक्त आईच्या कंबरेला.

काजळ घातलं तर डोळे मोठे होतात ना?

होत नाहीत. काजळात शिसं असू शकतं, शिवाय बोटावरचे जंतू थेट डोळ्यांत जातात. तीट लावायचीच तर तळपायाला लावा, कारण हात तोंडात जातात.

बाळ पिवळं दिसतंय. सकाळच्या कोवळ्या उन्हात धरू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याच्यावरच मी सगळ्यात जास्त भांडते. बऱ्याच बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कावीळ दिसते, पाचव्या दिवसापर्यंत वाढते आणि एक-दोन आठवड्यांत उतरते. ती चेहऱ्यावरून सुरू होऊन खाली सरकते. बाळाला खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात न्या, पिवळ्या बल्बखाली कळत नाही, कपाळावर, मग छातीवर, मग पोटरीवर बोटाने हलकं दाबून सोडा आणि खालची कातडी बघा. सावळ्या बाळांमध्ये डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या बघा.

जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पिवळं दिसलं, किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले, किंवा बाळ पिवळं आणि सुस्त, दूध ओढत नाही, तर ऊन नाही, आजीचा सल्ला नाही, थेट हॉस्पिटल, रात्र असली तरी. बिलीरुबिन, म्हणजे रक्तातला कावीळ करणारा पिवळा घटक, फार वाढलं की मेंदूत जातं आणि ते नुकसान भरून येत नाही, कान जातात, हातपाय ताठ होतात. आमच्याकडे एक बाळ चार दिवस रोज गॅलरीत उन्हाला धरलेलं होतं, आणलं तेव्हा तळपायापर्यंत हळदीसारखं पिवळं. वेळेत लाइटखाली गेलं म्हणून वाचलं. फोटोथेरपीचा निळा लाइट ठरावीक ताकदीचा असतो, ते काम खिडकीतल्या उन्हाने होत नाही, उलट उघडं बाळ गार पडतं नाहीतर भाजतं.

आईचा ब्लड ग्रुप ओ किंवा निगेटिव्ह असेल तर जास्त लक्ष ठेवा. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर आईला ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन मिळालं का ते डिस्चार्जच्या कागदावर बघा. आणि दोन आठवडे उलटून गेल्यावरही पिवळेपणा आहे, शी पांढरट खडूसारखी, शू गडद, तर पित्तनलिकेचा आजार असू शकतो, त्याचं ऑपरेशन जितकं लवकर तितकं बरं, एक दिवसही घालवू नका.

छाती सुजलीये, मुलीला खालून रक्त आलं, अंगावर लाल पुटकुळ्या, पाठीवर निळे डाग...

ही सगळी साधी असतात. छातीची सूज आणि मुलींमधला रक्ताचा डाग आईच्या हार्मोन्समुळे, आपोआप जातं, पिळायचं नाही. निळे डाग वर्षा-दोन वर्षांत फिके होतात. उचक्या, शिंका, झोपेत दचकणं, चालतं. पण पुटकुळ्यांत पू दिसला तर दाखवा.

श्वास मध्येच थांबल्यासारखा वाटतो, रात्रभर झोप लागत नाही.

नवजात बाळ भराभर श्वास घेतं, मग पाच-सात सेकंद थांबतं, परत घेतं, हे नॉर्मल आहे. शंका आली तर मोजा. बाळ झोपलेलं किंवा शांत असताना झबलं वर करा, मोबाइलचा स्टॉपवॉच लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून गुणिले चार नको. ६० किंवा जास्त आले तर पाच मिनिटांनी परत मोजा. परत तेवढेच आले तर न्या. मोजताना बरगड्यांखालचा भाग जोरात आत ओढला जातोय का तेही दिसतं, जात असेल तर दुसऱ्यांदा मोजत बसू नका.

लगेच कधी धावायचं?

दूध ओढणं बंद केलं किंवा निम्म्यावर आलं. हलवलं तरी जेमतेम हालचाल. झटके. कण्हणं, नाकपुड्या फुलणं, ओठ-जीभ निळी. हिरवी उलटी. काखेतला ताप ३७.५ डिग्री म्हणजे ९९.५ फॅरनहाइटच्या वर, आधी गुंडाळलेलं सोडून पंधरा मिनिटांनी परत बघा. आणि उलटं, ३५.५ च्या खाली, पोट गार लागतंय, हे तापापेक्षा कमी गंभीर समजू नका, तान्ह्या बाळाला इन्फेक्शन झालं की ते बरेचदा गारच पडतं. पॅरासिटामॉलचे थेंब घरीच देऊन वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा. सायन, केईएम, नायर, परळचं वाडिया, इथे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे, आणि सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत. नेताना बाळ आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून, वरून शाल.

वजन २ किलो १०० आहे. काचेच्या पेटीत ठेवायला हवं होतं का?

अडीच किलोच्या खालचं बाळ कमी वजनाचं. ते ओढत असेल आणि ठणठणीत असेल तर त्याला पेटी नको, कांगारू केअर द्या. फक्त लंगोट, टोपडं आणि मोजे घालून आईच्या दोन स्तनांच्या मध्ये उभं, मान एका बाजूला, ओढणीने घट्ट बांधून, दिवसभरात जितके जास्त तास जमतील तितके. बाबांनी, आजीने, आत्याने आळीपाळीने करावं. ऑफिसातून आलेल्या बाबाने अंघोळ करून शर्ट काढून बाळाला छातीवर घेतलेलं मी बघते तेव्हा फार बरं वाटतं.

पंखा, एसी लावायचा का? आजी दोन स्वेटर घालते.

लावा. खोली २५ ते २८ डिग्री, वारा थेट बाळावर नको. मुंबईत मे महिन्यात कुंची, मोजे आणि दोन दुपटी घातली की बाळाला उकाड्यानेच ताप भरतो. आपल्यापेक्षा एक थर जास्त, एवढंच. पावसाळ्यात लंगोट सुकत नाहीत, ओलसर बांधू नका, इस्त्री फिरवा. डासांसाठी मच्छरदाणी, कॉइल नको. झोपवायचं पाठीवर, उशी आणि मोहरीची गादी काढून टाका, चेहऱ्याजवळ मऊ काही नको.

लसी कुठल्या? दंडावर फोड आलाय.

जन्मल्यावर बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस बी, हा शेवटचा २४ तासांच्या आत. मग दीड महिन्याला पुढच्या, महापालिकेच्या आरोग्य केंद्रात मोफत. बीसीजीच्या जागी डाव्या दंडावर महिन्या-सव्वा महिन्याने फोड येतो, थोडा पू येतो, व्रण राहतो. लस लागू पडतेय, मलम लावू नका, दाबू नका.

पाचवीला आणि बारशाला माणसं येणारच, त्यांना नाही कसं म्हणायचं?

पाचवी पुजा, बारसं करा, पण बाळ हातोहात फिरवू नका. दाराशी साबण-पाणी ठेवा, पापे घेणं बंद, सर्दीवाल्यांनी फोनवरून आशीर्वाद द्यावा. हे बाळाच्या बाबांनी बोलायचं, सुनेला वाईटपणा घ्यायला लावू नका.

घरी कोणी बघायला येतं का?

आशाताई किंवा आरोग्यसेविका येतात, घरभेटीचे दिवस ३, ७, १४, २१, २८ आणि ४२. त्यांना दारातून परत पाठवू नका, "आमचे डॉक्टर आहेत" म्हणून. या घरभेटींचं मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्याच बायकांना बाळाचा ताप, श्वास, वजन बघायला शिकवलं आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, ते १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, २०११ पासून देशभर योजना झाली. म्हणजे हे काम मशिनने झालेलं नाही, घरी जाऊन बघणाऱ्या बाईने झालंय.

आणि आईचं काय? सगळे बाळालाच विचारतात.

तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, घाण वासाचा स्राव, ताप, खूप डोकं दुखून अंधारी, एका पोटरीत सूज आणि दुखणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना. आळीव-डिंकाचे लाडू खा, पण भाजी, डाळ, अंडं, पाणी सगळं खा, पथ्याच्या नावाने उपाशी ठेवू नका. पहिल्या आठवड्यात उगाच रडू येतं, ते ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही मन बुडालेलं, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, नको नको ते विचार येतात, तर ती नाटकं करत नाहीये, आजारी आहे, आणि याला उपचार आहेत. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर, १४४१६ वर, दिवसरात्र बोलता येतं, मराठीतही. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार असतील तर तिला आणि बाळाला एकटं सोडू नका, लगेच हॉस्पिटल.

जन्माचा दाखला आणि गावी कधी न्यायचं?

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत मोफत, हॉस्पिटल पालिकेला कळवतं, तुम्ही फक्त आई-वडिलांच्या नावांचं स्पेलिंग तपासून सही करा. बाळाचं नाव ठरलं नसलं तरी नोंद होते, नाव नंतर घालता येतं. गावी न्यायचं तर दीड महिन्याची तपासणी आणि लस झाल्यावर न्या, कोकणातल्या घाटातून सात-आठ तास नेताना दोन-दोन तासांनी थांबून पाजा. आधीच जावं लागलं तर माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवा, ते दाखवून तिथल्या उपकेंद्रात लस ठरलेल्या तारखेला घेता येते.